चोकची मूठ

सत्याऐंशीची पद्मिनी, डिकीत टॉवेलचे सहा गठ्ठे,
आणि होटगी नाक्याच्या अलीकडे
ती अशी गप्प होते
जशी वीज गेल्यावर मागांची अख्खी गल्ली.

अकरानंतरच. सकाळी कधीच नाही.
सकाळी एका किल्लीत उठते, शहाणी.

पहिला म्हणाला, पेट्रोलची वाफ होतेय, बाई,
पंपावर ओलं फडकं ठेवा.
ठेवलं. माझाच टॉवेल, नमुन्यातला, चौकडीचा.
तो वाळेपर्यंत रस्त्याकडेला मीही वाळले.
दुसऱ्यानं कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला,
जुने पॉइंट माझ्या तळहातावर ठेवले
दाढ काढल्यावर दाखवतात तसे.
तिसऱ्यानं बॅटरी विकली.
बॅटरी नवी, गाडी तीच.

मग अशोक चौकाच्या मागे, दस्तगीर नदाफ.
वीस वर्षं यंत्रमागावर. त्यात कान गेले,
म्हणून गाड्या.
मी बोनेटवरून ओरडले, "गरम झाली की बंद पडालालीय!"
"ओरडू नका की वं," तो म्हणाला,
"ओठ दिसतेत मला."

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला,
लाकडी मूठ दातात. डोळे मिटलेले.
व्हॉल्व्ह, टायमिंगची चेन, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग,
सगळं त्याच्या जबड्यातून वर चढत असावं.
माशी नाकावर बसली, उठली. तो हलला नाही.
"इंजिन बरंय.
आता सांगा. नुसतं बंद पडणं नको.
अजून काय काय येडेपणा करते?"

येडेपणा?
हॉर्न दाबला की इंडिकेटर मंदावतो.
लाईट लावले की पेट्रोलचा काटा खाली झोपतो.
आणि...
हे कुणालाच सांगितलं नव्हतं.
चोकची मूठ गरम लागते.
पण मे महिना, सोलापूर, चव्वेचाळीस;
इथे दाराची कडी भाजते, नळाचं पाणी भाजतं,
मुठीचं काय कौतुक सांगायचं?

तो हसला नाही.
दोन वायरींचा एक बल्ब काढला.
एक चिमटा बॅटरीच्या मायनसला,
एक टोक इंजिनच्या अंगाला.
"मारा सेल्फ."

जिथे दिवा लागू नये
तिथे लागला. तांबूस.

अर्थिंगची पट्टी. बोल्ट घट्ट होता,
बोल्टाखाली रंग होता.
क्रीम कलर. गेल्या दिवाळीला मीच
हट्टानं मारून घेतलेला, आतून बाहेरून;
पेंटरला बजावलं होतं, एक इंच सोडायचा नाही.

"करंट जातो, बाई. त्याला यायला पण वाट लागते.
तुम्ही ती बुजवली,
मग तो चोकच्या तारेतून यायला लागला.
एवढुशी तार, किती सोसंल?"
आणि बोटानं दाखवलं, इथून असं, इथून असं,
नव्या पोराला तुटलेला धागा दाखवावा तसं.

पॉलिश पेपर. लोखंड उघडं पडेपर्यंत.
माझा क्रीम कलर त्याच्या नखांत गेला.
नव्या पट्टीसकट एकशेवीस रुपये.
आधीच्या तिघांचे आकडे मी मनात मिळवायला घेतले,
अर्ध्यात सोडून दिले.

दुपारी दोन. नाका मागे पडला,
ती चालतच राहिली.
सवयीनं मूठ चाचपली.
गरम होती.
उन्हाइतकीच.