चोर सोडून

गार असताना दुसऱ्या किकला उठते.
वीस मिनिटं नीट वागते.
मग पाटीच्या दगडांच्या उतारावर,
नेमकं पुढचं चाक हवेत असताना
दोनदा खोकते
आणि बसते.
निवू दिली की पुन्हा साळसूद.

इद्वाल म्हणाला, कार्ब्युरेटर.
मीही म्हणालो, कार्ब्युरेटर.
तीन मंगळवार आम्ही त्या मूठभर धातूची झडती घेतली.
फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल डुचमळतंय का.
सुई एक खाच खाली, मग वर, मग होती तिथेच.
पायलट जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ ओरखडतं,
म्हणून गळाचा नायलॉन दोरा ओवला
सुईत ओवावा तसा, जीभ दातांत धरून.
पन्नास वर्षांचा डिंक निघाला.
वाटलं, सापडलं.
चौथ्या मंगळवारी खाणीमागच्या ओढ्यात
वीस मिनिटं, दोन खोकले,
आणि घोट्यापर्यंत पाण्यात मी, बुल्टाको ढकलत.

इद्वालचे हात आता थरथरतात.
एकतीस वर्षं सुरुंग लावले त्याने,
वात कापताना कधी केसभर चुकलो नाही म्हणतो.
आता फीलर गेजचं पातं त्याच्या बोटांत वाजत राहतं.
म्हणून हात माझे, डोकं त्याचं.
कानांचं म्हणाल तर ते सुरुंगांनी नेले;
पेचकसाचं टोक क्रँककेसवर, मूठ जबड्याला,
असा तो हाडाने ऐकतो.

सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली,
तिच्या कागदांची पुडी अजून खिशात असते.
एक चिटोरं पॉइंटच्या चिमटीत द्यायचं,
फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं.
ज्या घडीला कागद सुटतो, तीच ठिणगीची घडी.
"ओढू नकोस," तो म्हणाला. "सुटू दे त्याला."
सुटला.
पण मी कागदाकडे पाहत नव्हतो.
पॉइंट काळेनिळे पडले होते,
एकावर खड्डा,
दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा.

इद्वालने चष्मा कपाळावर चढवला, वाकला,
बराच वेळ तसाच वाकून राहिला.
"कंडेन्सर," म्हणाला,
गावातल्या कुणाचं तरी जुनं लफडं सांगावं तसं.

एलिनेदचा हेअर ड्रायर आणला.
(मागून आणला, असं तो सांगेल.)
प्लग काढून हेडच्या पट्ट्यांवर टेकवला,
शेडचा दिवा मालवला.
किक. निळी, जाड, टच्च.
मग फ्लायव्हीलच्या खिडकीतून दहा मिनिटं गरम वारा.
किक. पिवळी,
सादळलेल्या काडीसारखी.
किक.
काळोख.

दिवा लावला तर बाकावर तो कार्ब्युरेटर,
तीन आठवडे सुटा सुटा,
अंगावर एक डाग नाही.
चोर आत फ्लायव्हीलखाली, उबेला.
सुळी मात्र या संन्याशाला.
इद्वालने तो फडक्यात गुंडाळला, जरा जास्तच काळजीने,
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

नवा कंडेन्सर टाकीखाली बाहेरच बसवला,
उद्या मेला तर सगळं पोट फाडायला नको.
मी प्लग शोधत होतो.
"राहू दे," इद्वाल म्हणाला,
आणि वायरचं टोक स्वतःच बोटांत धरलं.
"मार."
"अरे पण—"
"मार म्हणतो ना."

मारली.
वेल्शमध्ये एक शिवी आहे, बोकड आणि पाद्र्यावरची,
ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकली.
हात त्याने झटकला नाही.
तसाच समोर धरून पाहत राहिला,
आणि मला वाटलं, तो हात अगदी स्थिर आहे.
किंवा नसेलही. शेडमधला दिवा चाळीसचा.

"झाली," तो म्हणाला. "आता बसव प्लग."

दारात एलिनेद उभी होती.
केसांतून पाणी ठिबकत होतं.