उतार

भुसावळच्या लोको शेडातून सुटलेले लोटनमामा
पारोळ्याला, माझ्या अर्ध्या घरात आले.
बिडी पेटवली
आणि धूर कुठं जातो ते बघत बसले.

"पश्चिमेची खिडकी लहान ठेव.
वैशाखात दुपार भिंतीतूनच आत शिरते.
झरोका वर, छताला लागून.
तापलेल्या हवेला वरूनच जायची सवय.

आणि ती काळी टाकी चुन्यानं रंगव,
नाहीतर चार वाजता
नळाखाली थेट चहापत्ती धरशील."

मी वहीत लिहून घेत होते.

मग न्हाणीत उकिडवं बसून
त्यांनी तांब्याभर पाणी नव्या फरशीवर ओतलं.
पाणी थांबलं,
जाळीकडं गेलंच नाही,
हळूच उंबऱ्याकडं वळलं.

"उतार कोठे शे, माय?"

गवंडी कालच पैसे घेऊन गेलेला.
मामांनी बिडी विझवली,
छिन्नी मागितली.