लिफ्टवाल्या मढवीसाठी

पाचव्या मजल्याच्या वर, मशीनच्या खोलीत
डोकं घालून बसला होतास तू,
आणि खाली मी रेकॉर्ड लावली होती,
नेहमीची, दुपारच्या भांड्यांबरोबरची.
तास झाला तरी तुझं काम संपेना.
म्हटलं, हा आता बिल वाढवणार.
तर तू दारात, हातांना ग्रीस,
"काकू, ते मागे जाड जाड काय वाजतंय?
भिंतीतून नुसतं तेवढंच येतं वर."

त्याला डबल बेस म्हणतात, मढवी.
पाचपाखाडीतल्या ह्या घरात आजवर
कुणी त्याची चौकशी केली नव्हती.
विचारलंच तर ट्रम्पेटबद्दल विचारतात,
नाहीतर आवाज कमी करा म्हणतात.

आता पहिल्यांदा काय घेऊ म्हणतोस,
तर लिहून देते, वाण्याच्या यादीमागे.

नव्या, महागातल्या घेऊ नकोस.
चरईत एखादं ख्रिस्ती घर रीडेव्हलपमेंटला गेलं
की भंगारवाल्याकडे गठ्ठा येतो.
त्यात निळ्या कव्हरची दिसली तर उचल,
निळी सहसा वाईट निघत नाही.
(हा माझा नियम. शास्त्राधार मागू नकोस.)
पियानो, बेस, ड्रम, तिघंच असतील तर आधी ती घे.
तिघांचं भांडण कळतं,
पाच जणांचं कळायला वेळ लागतो.
एक बाईच्या आवाजातली हवीच,
जी शब्द उशिरा टाकते,
उसने पैसे परत करणारा माणूस
नोटा मोजतो तशी, एकेक, मन घट्ट करून.

आणि एक अशी घे, जी तुला आवडणार नाही.
सॅक्सोफोनवाला किंचाळतोय, ड्रमवाला भलतीकडेच,
वाटेल भंगारवाल्यानं फसवलं.
विकू नकोस.
मी दोनदा निघाले होते विकायला,
एकदा तर रिक्षातही बसले होते.
अकरा वर्षांनी कणीक मळताना
ती अचानक सरळ वाटली. कशी, ते सांगता येत नाही.
तवा तापत राहिला, एवढं आठवतं.

सिल्वेस्टर सांगायचा...
वागळे इस्टेटला आमचा रंगांचा कारखाना,
तो स्टोअरला, मी टायपिंगला.
शनिवारी हॉटेलात सॅक्स वाजवायचा,
सोमवारी ओठ सुजलेला.
तर तो सांगायचा, "शालन, टाळी एकला नको,
दोनला आणि चारला दे."
मी तीनतालात वाढलेली, पेटीवाल्या बाईंची विद्यार्थिनी,
समेवर मान टाकायला टपलेली.
सम कुठे येते कळायचं नाही,
मान तशीच वर अडकलेली.
तो इतका हसायचा
की कँटीनमधला चहा सांडायचा.

ह्या सगळ्या रेकॉर्डी त्याच्याच.
मस्कतला जाताना म्हणाला, दोन वर्षं सांभाळ.
चौऱ्याऐंशी साल होतं ते.

असो. हे यादीत नव्हतं.

रेकॉर्डी आडव्या रचू नकोस, वाकतात.
उभ्या ठेव. बोटं कडेला लाव, मधे नको.
पावसाळ्यात कपाटात डांबराच्या गोळ्या टाकशील,
तर कव्हरला वास धरतो, कायमचा,
माझ्या पंधरावीस गेल्या तशा.
मोठ्या बँडची एक घे, सोळा माणसांची. राहिलीच होती.
सासुरवाडीचे आले की ती लाव,
तुझ्याबद्दल मत बरं होईल.

एक मी देते. त्या दुपारचीच.
दुसऱ्या बाजूला, मधल्या तुकड्यात पिन अडकते,
बेसचे तेच चार सूर, फिरून फिरून.
लगेच उठू नकोस.
ऐक थोडा वेळ, मग बोटानं हलकेच ढकल.
जाते पुढे.

आणि लिफ्ट झाली म्हणून सही घेऊन गेलास,
पण ती अजून टक् करते रे,
दुसऱ्याला आणि चौथ्याला.
सेक्रेटरी पालेकर विचारत होते,
तक्रार करायची का?
मी म्हटलं, कसला आवाज?