पाचवा थर

दर्यापूरला बंद जिनिंगच्या मागं सापडली ती,
एकसष्टची विलीज पिकअप.
बोनेटवर बाभळीच्या वाळल्या शेंगा,
स्टिअरिंगखाली गांधीलमाश्यांचं पोळं,
हौद्यात एक कोंबडी खुडूक बसलेली.
मालक म्हणाला, कोंबडी सोडून बाकी सगळं तुमचं.

थकबाकी नुकतीच जमा झाली होती.
नलू म्हणाली, एवढ्यात गच्चीवर पत्रे झाले असते.
झाले असते.

ट्रॅक्टरला बांधून आणली परतवाड्याला
जब्बार मिस्त्रींच्या आवारात.
शेजारी आरागिरणी,
तिथं ग्रीसवरही सागाचा भुसा बसतो.
त्यांनी डिपस्टिक काढली, पुसली नाही,
हुंगली.
"पाणी शिरलं नाही भाऊ इच्यात.
बाकी मंग वय हाये."

चौदा महिने गेले.
प्रॅक्टिकलच्या परीक्षा संपल्या की मी तिकडं,
लॅबमधल्या अ‍ॅप्रनला आता अ‍ॅसिडऐवजी डिझेलचे डाग.
कमानपाटे उतरवताना खालचा पाटा दुभंगून पडला,
माझं अंगठ्याचं नख घेऊन गेला.
पुढच्या चाकांना ओढ देणारं एक दातेरी चाक
अकोल्यात नव्हतं, नागपुरात नव्हतं.
जबलपूरला मिळालं, लिलावातल्या पेटीत,
मेणकागदात गुंडाळलेलं,
कुठल्याच गाडीत कधी न फिरलेलं.
जब्बारभाईंनी ते उजेडाकडं धरलं
आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

मग रंग.
वरचा निळा, जिनिंगवाल्याचा.
त्याखाली पांढरा, कुण्या मंडप डेकोरेशनचा.
त्याखाली एका निवडणुकीचा, घाईघाईत फासलेला,
त्याखाली हिरवा.
हिरव्याखाली, डाव्या दारावर, पिवळी अक्षरं
हिवताप नि
पुढचं गंजानं खाल्लं होतं.

मी पॉलिशपेपर धरलेला त्यांचा हात थांबवला.
"अर्ध्या नावाची गाडी कोणी ठेवते काय, मास्तर?"
ठेवली.

हौद्याला सागाच्या फळ्या. स्टोव्हची पेटी.
पाण्याचे दोन कॅन, फावडं, दोरखंड,
आणि बाजूला उघडणारी ताडपत्री.
तिचे काज नलूनं केले, न बोलता.
बटणं मात्र तिच्या पसंतीची, सगळी वेगवेगळी.

माघात निघालो, फॉरेस्टची चिठ्ठी खिशात.
सेमाडोहच्या पुढं डांबर सुटलं,
मग मुरूम सुटला,
मग नाल्यातले गोटेच तेवढे राहिले.
लो गिअर टाकला. ती एकेक गोटा
चाचपत, विचारत चढली,
आणि मागं भांड्यांचा खडखडाट.
नलूनं दाराची कडी धरली होती.
सोड म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

ढाण्याच्या अलीकडं मोहाखाली मुक्काम टाकला.
चहाचं आधण ठेवलं तोच
एक म्हातारा पळसाच्या झुडपांतून आला, सरळ गाडीपाशी.
(सुखलाल धिकार, हे नाव मागून कळलं.)
माझ्याकडं बघितलं नाही त्यानं.
दारावरच्या पिवळ्यावरून हात फिरवला,
वाचल्यासारखा नाही,
बैलाच्या वशिंडावरून फिरवतात तसा.
मग डावा हात पुढं केला.
करंगळीशेजारचं बोट वेगळं काढलं
आणि तोंड फिरवून डोळे मिटले,
टोच बसायच्या आधी पोरं मिटतात तसे.

आधण उतू जात होतं.
मला सुचेना काही. नलूनं ते बोट
दोन बोटांत धरलं, नीट पाहिलं.
"ताप नाही बाबा तुमाले."

त्यानं उलट्या हातानं कपाळ चाचपून खात्री केली.
बसला. चहा बशीतून घेतला.
ताडपत्री, तिची रंगीबेरंगी बटणं,
आतली गादी, कंदील, सगळं निरखून झाल्यावर
हळूच विचारलं,
"घर नाही का तुमाले?"

"आहे नं," नलू म्हणाली,
"पण गच्चीवर पत्रे नाही."

मागच्या उजव्या चाकातली हवा
फुस्स फुस्स जात होती तेव्हापासून.
सकाळपर्यंत मी कुणालाच सांगितलं नाही.