नाव नको

ड्यूझबरीच्या शाळेत, सहावीच्या वर्गात,
बुटाच्या खोक्याला मी कात्रीने फट पाडली.
म्हटलं, जे विचारायला तोंड उघडत नाही
ते चिठ्ठीवर लिहा. नाव नको.

कऱ्हाडला कुंभोजकर बाई
त्या धड्यापाशी आल्या की खोकायच्या.
"हा घरी वाचा. परीक्षेला येत नाही."
घरी आई म्हणाली, कावळा शिवला,
आणि मी तीन दिवस आरशात पाठ वळवून
कुठे शिवला ते शोधत होते.

रुकैयाबेन फाटकाशी आल्या,
मोठ्या मुलाकडून लिहून घेतलेलं पत्र घेऊन.
"बेन, तुम्ही आपल्याकडच्या. तुम्हाला काय सांगायचं."
आपल्याकडच्या.
या शब्दापुढे माझं काही चालत नाही.
सुमय्या त्या तासाला वाचनालयात बसेल, म्हटलं.
शब्द दिला.

गुरुवारी खोका उघडला.
कांगारूंनाही येते का?
मुलग्यांना का नाही?
एकात नुसतं चित्र, ते मी खिशात घातलं.
मग हिरवी शाई, डावीकडे कलणारं अक्षर,
जे मी सप्टेंबरपासून तपासतेय:
रक्त आलं म्हणजे मी काही वाईट केलं का?
आईला कळलं तर ती रडेल?

वाचनालय म्हणजे भिंतीपलीकडची खोली.
दार ओलीने फुगलंय, नीट लागत नाही,
केअरटेकर ईस्टरपासून "बघतो" म्हणतोय.

मी चिठ्ठी वाचली. म्हणाले, नाही,
काही वाईट केलं नाहीस.
तू आणि तुम्ही इंग्रजीत एकच,
त्या दिवशी बरं पडलं.
मागच्या बाकावरून केलम म्हणाला,
"मिस, आम्ही बहिरे नाही आहोत."
पलीकडे खुर्ची सरकली,
दाराकडे की दारापासून, कळलं नाही.

साडेतीनला रुकैयाबेननी
फडक्यात बांधलेला गरम डबा हातात ठेवला.
"ठीक बैठी थी ना?"
हो, म्हटलं. वाचत होती.

आज रविवार. डबा घासून
ओट्यावर पालथा घातलाय.
रिकामा परत देत नाहीत आपल्याकडे.
त्यात काय घालावं,
सुचत नाही.