मेंढी सुटेपर्यंत

पोर्वेनीरच्या पुढे, जिथे झाडंसुद्धा
वाऱ्याकडे पाठ करून वाढतात,
तिथल्या कातरणीच्या शेडवर मी तीन हंगाम
पाव भाजले, हाडांचा रस्सा ढवळला
आणि उरलेला वेळ चोरला.

कागद लोकरीच्या हिशेबाचे, मागून कोरे.
पेन्सिल सुताराची, चपटी, अर्धी.
नियम माझा मीच केलेला:
मेंढी पुढचे पाय धरून बाहेर ओढली की सुरू,
कातरून, नागडी होऊन, उतारावरून सुटली की बंद.
तीन मिनिटं.
अबेलार्दो बार्रियाच्या हाताखाली दोनच.

पहिल्या मेंढीचा मला फक्त कान मिळाला.
दुसरीचाही कानच.
चौथीला पाय काढले, मोजले तर पाच.
संध्याकाळी कागद बघून स्वयंपाकी ओराल्दो म्हणाला,
ढग छान जमलेत.

दुसऱ्या आठवड्यात रबर चुलीत टाकलं.
दिवसभर त्याचा वास. सगळ्यांना वाटलं रस्सा करपला.
मग स्वतःला मोजून सात रेघा दिल्या,
आई बेटावर हिवाळ्यात घासलेट पुरवायची, तशा.
डोळ्यावर एक उधळली तर पाठीला एक कमी.
कितीदा सातवी रेघ संपायची
आणि मेंढीला तोंडच नसायचं.
तशीच सोडायचे.
असा माझा एक कळप झाला, बिनतोंडाचा,
कागदावर मान खाली घालून कायम चरणारा.

एका दुपारी पाऊस आला. ओली मेंढी कातरत नाहीत.
सगळे पोत्यांवर पडून राहिले, पत्ते, झोप, शिव्या,
आणि बार्रियानं न विचारता माझे कागद उचलले.
मेंढ्यांकडे त्यानं बघितलंच नाही.
तेलकट अंगठा एका पाठीवर ठेवला,
जिथे रेघ जरा जाड होती.
"एदुविना, इथे तू परत गेलीस."

खरं होतं. हात चुकलेला, म्हणून वरून गिरवलेलं.
मी अक्षरं गिरवूनच शिकलेली,
सिस्टरच्या छडीखाली, एकाच अक्षरावर
पन्नासदा, पाटी झिजेपर्यंत.
परत जाऊ नये हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो म्हणाला, लोकर राहिली तर राहू दे.
कातर त्याच जागी पुन्हा फिरली
की निघतो तो नुसता भुगा, बोटाच्या पेराएवढा.
त्याचं सूत होत नाही.
चांगल्या लोकरीत मिसळला तर तिचाही भाव पडतो.
एवढं बोलून तो मातेसाठी पाणी शोधायला गेला.
बाकी हंगामभर आमचं बोलणं
मीठ आणि पाव, एवढ्यावरच.

त्यानंतर मी त्याचे हात बघू लागले.
पोटावरून पहिला फटका, मग मांडी,
मग मानेखालून वर, लांब,
जणू मेंढीच्या आत एक वाट आधीपासून आहे
आणि तो फक्त तिच्यावरून घरी निघालाय.
माझ्या सात रेघांच्या पाच झाल्या. कधी चार.
वाईट निघाल्या तरी एकेरी निघाल्या.

शेवटच्या दिवशी शेवटची मेंढी त्याची होती.
मला सात रेघा होत्या, दोन मिनिटं होती,
आणि मी मेंढी काढलीच नाही.
मानेपासून कमरेपर्यंत एक.
खांदा. कोपर.
गुडघ्याशी जिथे दोघांचं वजन एक होतं, तिथे चौथी.
थांबले.
तीन हातात उरल्या.

कागद त्याला दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाला,
"मी इतका वाकतो?"

आणि कमरेवर हात टेकून सावकाश,
एकेक मणका आठवत आठवत,
तो सरळ झाला.

उरलेल्या तीन तिथेच लागणार होत्या.
पण मेंढी सुटली होती.