तेवीस नंबर

रोस्टॉकच्या त्या तळघरात सकाळ होत नाही,
नुसते दिवे लागतात.
स्वांत्ये अंगठी काढते, कानातलं काढते,
किल्ल्या, कमरेचा पट्टा,
चुंबकाशी भांडण नको म्हणून.
मग उबवणीयंत्राचं दार उघडते
आणि सदतीस अंशांची ऊब
तिच्या चष्म्यावर येऊन बसते.

सोळावा दिवस.
कवचांवर पेन्सिलीचे आकडे : एकवीस, बावीस, तेवीस.

गेल्या आठवड्याच्या प्रतिमा भिंतीवर टाचल्यात.
एका अंड्यात दोन चोची,
एका डोळ्याचे तीन डोळे,
मणके असे, की ओल्या पाटीवरून
कुणी बाही फिरवली असावी.
"व्यंग नाही हे," इल्कनूर म्हणते,
"कूस बदलत होतं, एवढंच.
यंत्राला अकरा मिनिटं लागतात,
याला कुठला एवढा दम!"

फ्रीजमध्ये ठेवून पाहिली होती काही.
गारठून गप्प झाली खरी,
पण हृदयाचे ठोकेही मोजून मापून पडायला लागले,
उधारीवर आणल्यासारखे.
म्हणून आता थेंब.

बोथट टोकाला, हवेची पोकळी असते तिथे,
मोहरीएवढं भोक.
आत पापुद्रा, पापुद्र्यावर लाल शिरांचं जाळं.
थेंब पडतो, लगेच पसरत नाही,
उंबऱ्याशी थबकलेल्या परक्या माणसासारखा
जरा तसाच राहतो.
मग शिरा त्याला आत घेतात.
वर चिकटपट्टी.
दहा मिनिटं थांबायचं.

या दहा मिनिटांत ती कॉफी पीत नाही.
का, ते कुणी विचारलेलं नाही.

एकवीस झोपलं.
यंत्र ठोकायला लागलं, लोहारवाडा नुसता,
आणि पडद्यावर उमटलं :
डोळ्याचं भिंग, मसुराएवढं,
मेंदूचे दोन गड्डे,
पंखाखाली खुपसलेलं डोकं,
पायाची बोटं, चारही, मोजता येतील अशी.
इल्कनूरनं खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली.
बावीसही झोपलं.

तेवीस झोपेना.
अजून अर्धा थेंब? नको,
मात्रा वहीत ठरलेली आहे.
अकरा मिनिटं. परत अकरा.
पडद्यावर वार्नो नदीवरचं नोव्हेंबरचं धुकं
आणि धुक्यात कसलीतरी करडी लगबग.
"बाद," इल्कनूर म्हणाली,
रकान्यात फुली मारली.

(वहीत एकोणिसाव्या दिवसानंतर रकाने नाहीत.
एकविसावा दिवस या प्रयोगाला लागत नाही.
दोघींनाही ठाऊक आहे.
डबा खाताना त्या हवामानाबद्दल बोलतात.)

बाद कागद स्वांत्येच्या कोटाच्या खिशात गेला,
ट्राममधून, मग बसनं, बापाच्या घरापर्यंत.

हिनरिखनं चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या.
खुराड्यामागच्या अंधाऱ्या खोलीत
दिव्यासमोर अंडं धरायचा, पाव वळसा फिरवायचा,
पोरगी स्टुलावर उभी.
"सावली हलली? मग परत टोपलीत.
नाही हलली, तर बादलीत."
एवढंच शास्त्र. हात दगडासारखा स्थिर.

आता तो हात चमच्यातलं सूप टेबलाला पाजतो.
मागच्या महिन्यात त्यालाच सरकवलं होतं
तशाच एका नळीत, यापेक्षा मोठ्या.
हलू नका, म्हणाले. हलू नका.
प्रतिमा फुकट गेल्या.
पुढच्या वेळी गोळी देऊ, म्हणाले,
जरा झोप लागेल.

त्यानं कागद हातात घेतला.
कागद थरथरला,
आणि धुक्यातलं ते पिल्लू
थरथरत्या कागदावर क्षणभर
पायांसकट दिसल्यासारखं तिला वाटलं.
वाटलं, इतकंच. दिवाही मंद होता.

"तगडं दिसतंय," म्हातारा म्हणाला. "कोंबडा?"
"कळत नाही, पापा."
"कधी फुटायचंय?"

स्वांत्ये उठली,
आधीच बंद असलेली खिडकी
तिनं पुन्हा एकदा लावली.